मर्यादित आजीवन : एक आस्वाद

मी काही समीक्षक नव्हे. मी बँकेत कारकून आहे. (आता आमच्या हुद्द्याचं नाव 'ग्राहक सेवा सहयोगी' असं झालंय, पण खुर्ची तीच, आणि तिचा डावा हातही पूर्वीसारखाच हलतो.) लोकांनी लिहून आणलेला कागद वाचायचा, त्यातलं न्यून शोधायचं आणि कागद परत द्यायचा, हे काम मी गेली बावीस वर्षं करतो आहे. माझा एक मराठीचा प्राध्यापक मित्र म्हणतो, की समीक्षा म्हणजे तरी दुसरं काय असतं? तेव्हा त्याच्या भरवशावर मी आज एका कलाकृतीचं परीक्षण करायला बसलो आहे.

कलाकृतीचं नाव 'लिमिटेड लाइफटाइम वॉरंटी'. लेखक अज्ञात. प्रकाशक ज्ञात आहे, पण त्याचं नाव मी सांगणार नाही. कारण त्याच्याकडे वकील आहेत आणि माझ्याकडे फक्त बी.कॉम.ची पदवी आहे. चार घड्यांचा एकच कागद. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूलाही इंग्रजी. टाइप असा, की चष्मा लावून वाचला तर मुंग्या आणि काढून वाचला तर नुसतीच वाळू. किंमत कुठे छापलेली नाही. मात्र हा कागद सुटा मिळत नसून त्याच्याबरोबर चौदा फूट लांबीची लाल प्लॅस्टिकची होडी घ्यावी लागते. त्यामुळे एकूण खर्च एकोणसत्तर हजारांवर जातो.

आता तुम्ही म्हणाल, डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला होडी कशाला हवी? जुलै महिन्यात हा प्रश्न तुम्ही विचारला नसता. पण होडी माझ्यासाठी नव्हती. माझी सासुरवाडी मालवणजवळ देवबागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, मध्ये चिंचोळी जमीन आणि त्या जमिनीवर माझ्या मेहुण्याच्या दोन खोल्या. त्या तो पर्यटकांना देतो. सासऱ्यांची लाकडी होडी होती. दर वर्षी तिच्या फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ भरता भरता सासरे गेले, आणि पाठोपाठ होडीही गेली. हल्लीच्या पाहुण्यांना दुसऱ्याने वल्हवलेल्या होडीत बसायचं नसतं. त्यांना स्वतः वल्हवून, दमून, त्याचे पैसे द्यायचे असतात. मेहुण्याकडे पाहुणे होते, पैसे नव्हते. माझ्याकडे पाहुणे नव्हते, पण बँकेचं कर्मचाऱ्यांसाठीचं कर्ज होतं.

"भावजी, बिल तुमच्याच नावान करा," तो म्हणाला, "तुमका कागदपत्रातला कळता."

पुढचं सारं नाट्य या एका वाक्यातून निर्माण झालं.

बिलावरच्या शब्दाचा उच्चार मी 'कॅनो' असा करीत होतो. दुकानदाराने 'कनू' असा केला, तेव्हा मला उगीच आमच्या एका गुजराती खातेदाराची आठवण झाली. मेहुण्याच्या धाकटीने त्याचं 'कान्हू' करून टाकलं आणि तेच रूढ झालं. (तिकडे लहान होडीला 'पगार' असंही म्हणतात. पगार बुडाला, हे वाक्य आमच्या सासुरवाडीत आणि आमच्या बँकेत अगदी वेगवेगळ्या प्रसंगी वापरतात.)

कान्हू ऑक्टोबरात पाण्यात उतरला. डिसेंबरच्या मध्याला, नाताळच्या सुट्टीला दहा दिवस उरले असताना, फोन आला.

"भावजी, कान्हू फुटलो."

"फुटला म्हणजे?"

"फुटलो म्हणजे फुटलो. बुडात चीर गेली हा. पाणी आत येता."

"किती?"

"भायर जितक्या आसा, तितक्या."

"घाबरू नकोस," मी म्हटलं, "वॉरंटी आहे." हे मी ज्या आत्मविश्वासाने म्हटलं, तो केवळ न वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलणाऱ्या माणसातच आढळतो. फोन ठेवून मी कपाटातून तो कागद काढला आणि प्रथमच वाचला. त्या दिवसापासून आजपर्यंत मी तो किमान चाळीस वेळा वाचला असेन.

लेखकाची प्रतिभा शीर्षकापासूनच जाणवते. मर्यादित आणि आजीवन! या दोन शब्दांना शेजारी बसवायला छाती लागते. शिवाय आजीवन म्हणजे कोणाचं जीवन? मी माझं समजलो होतो, मेहुणा त्याचं. दुसऱ्या घडीत खुलासा येतो, की 'उत्पादनाच्या अपेक्षित उपयुक्त आयुष्यापर्यंत'. म्हणजे होडीचं. होडी फुटली की तिचं उपयुक्त आयुष्य संपलं, आणि आयुष्य संपलं की आजीवन हमीही संपली. अपघातात दगावलेल्या माणसाला 'आपण आता आमचे विमाधारक राहिलेला नाहीत' असं कळवावं, इतकी ही मांडणी निर्दोष आहे.

पहिला परिच्छेद उदात्त आहे. कंपनीची परंपरा, साहसाची हाक, निळं पाणी वगैरे. दुसऱ्या परिच्छेदापासून लेखकाला आपला खरा सूर सापडतो. यांना ही हमी लागू नाही : खडकावर आपटणे, वाळूवर घासणे, उन्हाने रंग जाणे, उष्णतेने आकार बदलणे, चुकीच्या रीतीने ठेवणे, चुकीच्या रीतीने उचलणे, चुकीच्या रीतीने बांधणे. एकेक पायरी उतरावी तशी ही यादी खाली खाली जाते. मी वाट पाहत होतो, की आता 'पाण्यात घालणे' येईल. ते मात्र येत नाही. कलावंताचा संयम तो हाच. ऊन, वाळू, खडक आणि माणूस यांच्यापासून दूर राखल्यास होडी आयुष्यभर टिकते. आमच्या लग्नात आलेला काचेचा डिनर सेटही याच तत्त्वावर अजून शाबूत आहे.

इथे मला माझं शिक्षण आठवलं. बी.कॉम.ला आम्हाला १९३० चा मालविक्री कायदा होता आणि त्यावर हमखास पाच गुणांचा प्रश्न यायचा, 'कंडिशन आणि वॉरंटी यांतील फरक स्पष्ट करा.' कलम १२. कंडिशन म्हणजे कराराच्या मुख्य हेतूशी जोडलेली अट. ती मोडली तर गिऱ्हाईक करारच मोडून माल परत करू शकतं. वॉरंटी म्हणजे आनुषंगिक वचन. ते मोडलं तर नुकसानभरपाई मागा, पण माल ठेवून घ्या. हा फरक मी घोकून लिहिला होता आणि पाचपैकी साडेतीन गुण मिळवले होते. उरलेल्या दीड गुणाचा अर्थ मला पंचवीस वर्षांनी कळला. हा कागद ज्याला वॉरंटी म्हणतो ते कायद्याच्या भाषेत मुळातच दुय्यम वचन आहे. मग माझा लेखकाला एक साधा प्रश्न आहे, होडीच्या बाबतीत तरंगणं हे मुख्य की आनुषंगिक? चार घड्यांत, दोन्ही बाजूंना, 'तरंगणे' हे क्रियापद एकदाही आलेलं नाही.

आमच्या पुस्तकात एक खटलाही होता. तो प्रत्येक कॉमर्सवाल्याला तोंडपाठ असतो, कारण दुसरा कुठलाच लक्षात राहत नाही. इंग्लंडातल्या कार्बॉलिक स्मोक बॉल कंपनीने जाहिरात दिली, की आमचा बॉल सांगितल्याप्रमाणे रोज तीनदा दोन आठवडे वापरून फ्लू झाला तर शंभर पौंड देऊ; आणि आमचा शब्द खरा म्हणून हजार पौंड अलायन्स बँकेत ठेवले आहेत. कार्लिल नावाच्या बाईंनी बॉल वापरला आणि त्यांना फ्लू झाला. कंपनी म्हणाली, अहो, ती नुसती जाहिरातबाजी होती, ते काय मनावर घ्यायचं! १८९२ साली अपील कोर्टाने सांगितलं, की पैसे बँकेत ठेवलेत म्हणजे तुम्ही गंभीर होता. बाईंना शंभर पौंड द्या. वाङ्मय म्हणून ती जाहिरात आणि आमचा कागद यांची तुलना करण्यासारखी आहे. ती जाहिरात भाबडी होती. तिच्यात आकडा होता, कृती होती, मुदत होती, बँकेचं नाव होतं. तेवढ्यानेच ती अडकली. आमच्या कागदाच्या लेखकाने तो खटला नक्की वाचलेला आहे, आणि साडेतीनहून जास्त गुण मिळवलेले आहेत.

पण मी कागदाची एवढी चिकित्सा करतो आहे तोवर तिकडे सुट्टी जवळ येत होती. मेहुण्याने पाच कुटुंबांकडून आगाऊ पैसे घेतले होते. मी कंपनीला फोन लावला. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, हे ऐकण्यात माझा जो काळ गेला त्याचं वर्णन करीत नाही; आमच्याही बँकेत तीच बाई तेच वाक्य त्याच आवाजात म्हणते. शेवटी मला एक तक्रार क्रमांक मिळाला आणि चीर व होडीचा अनुक्रमांक 'एकाच छायाचित्रात स्पष्ट दिसतील' असा फोटो पाठवायला सांगितलं.

अनुक्रमांक होडीच्या शेपटाकडे, वरच्या कडेखाली कोरलेला. चीर पुढच्या बाकाखाली, बुडाला. मध्ये दहा फूट. एक दिसायला होडी सुलटी हवी, दुसरी दिसायला उलटी. मेहुण्याने होडी कुशीवर निजवली आणि माडावर चढून फोटो काढला. फोटो छान आला. त्यात चीर होती, अनुक्रमांक होता, माझी दोन्ही भाचरं होती आणि मागे समुद्रात मावळणारा सूर्य होता. उत्तर आलं, 'अनुक्रमांक अस्पष्ट.'

मी स्वतः रजा टाकून गेलो. ही होडी कशी करतात हे एव्हाना मी वाचून ठेवलं होतं. प्लॅस्टिकची भुकटी साच्यात घालून साचा भट्टीत सगळीकडून फिरवतात, म्हणजे ती वितळून आतून सारखी बसते. सारखी बसली नाही, तर एखादी जागा पातळ राहते. रात्री मी होडीच्या आत टॉर्च धरला आणि मेहुण्याला बाहेरून बघायला सांगितलं. सगळी होडी गडद लाल, आणि चिरेभोवती वीतभर जागा पिकल्या पेरूच्या गरासारखी गुलाबी. मेहुणा काही बोलला नाही. त्याने त्या जागेवरून नुसता हात फिरवला. दोन महिने याच जागेवर त्याने लोकांची पोरं बसवली होती.

गुलाबी उजेडाचा फोटो मी पाठवला. सोबत दिवसा काढलेले सहा. आठव्या दिवशी, म्हणजे सुट्टी निम्मी सरल्यावर, निकाल आला. भाषा अत्यंत मृदू. कळवण्यास खेद होतो, की आपला दावा नियमात बसत नाही. कारणं तीन. एक, चिरेभोवती चिकट थर दिसतो, अर्थात अनधिकृत दुरुस्ती झालेली आहे. (हे खरं होतं. मेहुण्याने घाईघाईत फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं होतं. त्याने काचेचं कापड आणि रेझिन लावलं, पण या प्लॅस्टिकला काहीच धरून राहत नाही. दुसऱ्या दिवशी ठिगळ निघून पाण्यात तरंगायला लागलं. आमच्या घरातली तरंगणारी ती एकमेव वस्तू.) दोन, फोटो क्रमांक चारमध्ये मागे 'होडी फेरी, माणशी २०० रुपये' अशी पाटी दिसते, अर्थात वापर व्यावसायिक आहे. तीन, बिल ज्यांच्या नावे आहे ते आणि पाटीवर ज्यांचं नाव आहे ते गृहस्थ भिन्न असून हमी फक्त मूळ खरेदीदारास लागू आहे.

खरं सांगतो, मला प्रथम कौतुकच वाटलं. माझ्या सात फोटोंचं इतकं बारकाईने वाचन आजवर कोणी केलेलं नाही.

पण 'नियमात बसत नाही' या तीन शब्दांपाशी मी अडलो. अक्षर ओळखीचं वाटावं तसं ते वाक्य ओळखीचं वाटलं. ते माझं होतं.

त्याआधीच्या पावसाळ्यात आमच्या काउंटरवर एक बाई आली होती. नवरा टेम्पोवर होता, अपघातात गेला. त्याच्या डेबिट कार्डाबरोबर अपघात विमा होता, तो मागायला ती आली होती. त्या विम्याला एक अट असते : अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं पाहिजे. मी खातं पाहिलं. नव्हतं. मी अगदी हळू आवाजात, समोर पाण्याचा ग्लास ठेवून सांगितलं, "बाई, नियमात बसत नाही हो." तिने विचारलं, "वापरलं असतं तर मिळाले असते?" मी हो म्हटलं. "पण वापरणार कशाला? खात्यात पैसेच नसायचे," ती म्हणाली, आणि कागद घडी करून पिशवीत घालून गेली.

देवबागहून परतल्यावर मी ते खातं पुन्हा उघडलं. शेवटचा व्यवहार आणि अपघात यांतले दिवस मोजले. ९७ आले. फेब्रुवारी मध्ये येतो का, पहिला दिवस धरायचा की सोडायचा, सगळं करून पाहिलं. ९७च.

ही हकीकत परीक्षणात बसत नाही याची मला जाणीव आहे. पण ज्या वाङ्मयप्रकारावर मी इतका वेळ टीका करतो आहे, त्यात माझंही थोडं लेखन आहे, हे वाचकांपासून लपवणं बरं नव्हे.

असो. तुलनेसाठी मी आणखी एक ग्रंथ वाचला, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. (आधी १९८६ चा होता, हा नवा २० जुलै २०२० पासून लागू झाला.) गद्य रूक्ष, पण लेखकाचं मन मोठं. ग्राहक म्हणजे फक्त विकत घेणारा नव्हे, तर त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही, असं तो म्हणतो. मला मेहुण्याला मिठी मारावीशी वाटली. पुढे म्हणतो, व्यावसायिक कारणासाठी घेणारा ग्राहक नव्हे. मी मिठी सोडली. त्याच्याखाली स्पष्टीकरण आहे, की जो स्वतः विकत घेऊन, स्वतः वापरून, केवळ स्वयंरोजगाराने पोट भरतो, त्याचा वापर व्यावसायिक समजायचा नाही. म्हणजे मेहुणाच! फक्त त्याने विकत घेतलेली नव्हती, ती मी घेतली होती. आणि मी वापरलेली नव्हती, ती त्याने वापरली होती. आम्ही दोघे मिळून एक सबंध ग्राहक होतो आणि वेगवेगळे कोणीच नव्हतो. "तुमका कागदपत्रातला कळता," या वाक्याची किंमत ही अशी.

तरीही तक्रार करता येते. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे कागदावर 'फक्त आमच्या शहरातील न्यायालये' असं छापलं असलं तरी मला त्यांच्या शहरात जायला नको. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. मुदत दोन वर्षं. मी तक्रार लिहिली आहे. वकील मित्राने वाचून 'यात विशेषणं फार आहेत' म्हणून परत दिली. ती काढून टाकल्यावर आता दीड पान उरलं आहे, ते या आठवड्यात दाखल करतो आहे.

आणि कान्हू? जानेवारीत कुडाळहून एक माणूस मेहुण्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दुरुस्त करायला आला. या काळ्या टाक्याही त्याच भुकटीच्या आणि तशाच साचा फिरवून केलेल्या असतात. टाकी झाल्यावर त्याने उलटी पडलेली होडी पाहिली, चिरेवरून बोट फिरवलं, तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली म्हणजे ती पुढे पळणार नाही, आणि गरम हवेच्या बंदुकीने त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून चीर भरली. आतून एक पट्टीही बसवली. लाल कांडी नव्हती, म्हणून काळी वापरली. त्याचे सहाशे रुपये झाले.

"ह्यां ऱ्हवात मां?" मेहुण्याने विचारलं.

"टाकयेत पाणी आत ऱ्हवता, हेच्यात भायर," तो म्हणाला. "गळला तर बोलवा."

गळला तर बोलवा. तीन शब्दांची ही वॉरंटी मी वहीत उतरवून घेतली आहे. तिच्यात मुदत नाही, अपवाद नाही, मूळ खरेदीदार नाही. फोन नंबर होता, तो त्याने गच्चीच्या भिंतीवर खिळ्याने कोरून ठेवला. मेहुणा आता त्या बाकावर कोणाला बसवत नाही. तिथे तो स्वतः बसतो.

परवा कंपनीचा संदेश आला. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपला अनुभव कसा होता? एक ते पाच तारे द्या आणि अभिप्राय २०० अक्षरांत लिहा. मी रात्री जेवण झाल्यावर नीट लिहायला बसलो. हुद्दा आणि खुर्ची इथपर्यंत आलो, तेवढ्यात जागा संपली.